तरतरी चहाची, साखरेची नव्हे

(सांगलीत नोकरदार आणि छोट्या उद्योजकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, उसाच्या जिल्ह्यात उभं राहून 'साखर कमी करा' म्हणणं सोपं नाही. इथल्या कितीतरी घरांचा प्रपंच उसाच्या बिलावर चालतो. दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर घरी येते आणि मग वर्षभर डब्यात चमचा घालताना कुणाचा हात आखडत नाही. त्या साखरेवर आपली पोरं शिकली, याची मला जाणीव आहे. म्हणून सणाच्या पुरणपोळीबद्दल मी आज अवाक्षरही काढणार नाही. मला बोलायचंय ते रोजच्या चहाबद्दल.

मार्केट यार्डात किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत दुपारी साडेतीनला चक्कर मारा. हळदीच्या सौद्यात सकाळभर उभा असलेला माणूस म्हणतो, "चहा सांगा हो, जरा तरतरी येऊ दे." टपरीवर साखर पातेल्यातच पडलेली असते, त्यामुळं आपल्या वाट्याला किती आली हे कळतच नाही. घरी मात्र मोजता येतं. सपाट चमच्यात ४ ते ५ ग्रॅम साखर बसते. कपाला दोन चमचे आणि दिवसाला पाच कप धरा, ४० ते ५० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं, की वरून घातलेली साखर, मध, फळांचे रस यांतून येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी बरं. २,००० कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. बिस्किटं आणि कोल्ड्रिंक अजून धरलेलीच नाहीत.

आता त्या तरतरीकडे येऊ, कारण खरी गल्लत तिथं आहे. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यानं पेंग येते. चहातलं कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, म्हणून डोळे उघडतात. यात साखरेचा काही हात नाही. २०१९ मध्ये संशोधकांनी ३१ अभ्यास एकत्र तपासले. साखर घेतल्यावर मन प्रसन्न होतं असं त्यांना आढळलं नाही. उलट अर्ध्या तासात थकवा जास्त जाणवला आणि तासाभरात सतर्कता कमी झाली. ज्या गोष्टीसाठी आपण चहात साखर ढवळतो, तीच गोष्ट ती काढून घेते!

कुणी म्हणेल, "डॉक्टर, मेंदूला ग्लुकोज लागतंच की." लागतं, दिवसाला साधारण १२० ग्रॅम. पण ते भाकरी, भात, डाळीतून शरीर स्वतः बनवतं. ज्वारीच्या भाकरीतलं ग्लुकोज रक्तात हळूहळू उतरतं. रिकाम्या पोटी घेतलेला गोड चहा आणि क्रीमरोल ते एकदम चढवतो, स्वादुपिंड भराभर इन्सुलिन सोडतं आणि काहींच्या रक्तातली साखर दोन-तीन तासांत मूळ पातळीच्याही खाली जाते. मग भूक लागते, चिडचिड होते आणि पुढचा चहा मागवला जातो. दुपारच्या सुस्तीला अपुरी झोप, भरपेट जेवण आणि शरीराचं घड्याळही कारण असतं. सगळं खापर साखरेवर फोडणं योग्य नाही.

गुळाचा चहा घेतला म्हणजे सुटलो, असं समजणारे पुष्कळ भेटतात. गुळात थोडं लोह असतं, पण तोही मुख्यतः साखरच आहे. उसाच्या रसाचा मोठा पेला तर एकटाच २५ ग्रॅमच्या पुढं जातो.

एकदम बंद करू नका, चहा बेचव लागेल आणि आठवड्यात पुन्हा मूळ पदावर याल. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ सवय करून घेते. टपरीवाल्याला पाच-सहा जणांनी मिळून सांगितलं, तर तो बिनसाखरेचं पातेलं वेगळं ठेवतो. एकट्यासाठी कसा ठेवेल? चारच्या भुकेला मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे घ्या, ताक प्या. जेवणानंतर खुर्चीत बसण्याआधी दहा मिनिटं चाला. यातलं एकच करणार असाल तर चहाचं करा.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खाण्यात मोठा बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. रक्तातली साखर फार उतरून हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर तीन चमचे साखर पाण्यातून ताबडतोब घ्यायची, पंधरा मिनिटांनी साखर तपासायची आणि कमीच असेल तर पुन्हा घ्यायची. माझं व्याख्यान ऐकून अशा माणसानं खिशातली साखरेची पुडी काढून ठेवू नये.