सकाळचा अर्धा तास

(सूक्ष्मदर्शकाखाली हाड)

हा हाडाचा आतला, जाळीदार भाग. त्याला चिकटलेली, अनेक केंद्रकांची ही मोठी पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. ती आम्ल सोडून खनिज विरघळवते. तो खळगा तिनंच पाडलाय. खणणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र काही महिने लागतात. पाळी थांबल्यावर खणणं वाढतं आणि भरणाऱ्या पेशी मागे पडतात.

अशा ठिसूळ होत जाणाऱ्या हाडांसाठी बिस्फॉस्फोनेट गटाची औषधं देतात, जसं अलेन्ड्रोनेटची गोळी. या औषधांना कॅल्शियमची जबर ओढ असते. ताज्या खळग्यात कॅल्शियम उघडं पडलेलं असतं, म्हणून औषध नेमकं तिथंच जाऊन बसतं. खणणारी पेशी खनिजाबरोबर तेही गिळते आणि थंडावते.

(टेबलावर गोळी, पाण्याचा पेला)

हीच ओढ आतड्यात घात करते. गोळीबरोबर दूध किंवा कॅल्शियम पोटात गेलं, की औषध तिथंच त्याला धरून बसतं आणि शौचावाटे निघून जातं. मुळात, सगळं नीट पाळलं तरी ७० मिलिग्रॅमच्या गोळीतलं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम रक्तात उतरतं. नुसत्या कॉफीनंही त्यातलं निम्म्याहून जास्त वाया जातं.

म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, उठल्याउठल्या गोळी घ्यायची. पेलाभर साध्या पाण्याबरोबर, न चावता. बाटलीबंद मिनरल वॉटर नको, त्यात कॅल्शियम असू शकतं. मग अर्धा तास चहा नाही, नाश्ता नाही, दुसरी गोळी नाही आणि आडवं होणंही नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम होते.

(घड्याळ, मग जेवणाचं ताट)

एवढं ऐकून काही जण कॅल्शियमच बंद करतात. असं अजिबात करू नका! आहारात कॅल्शियम कमी पडलं, की शरीर ते हाडातून काढून रक्तात आणतं. औषधानं ती वाट अडवल्यावर पुरवठा ताटातूनच व्हायला हवा. पन्नाशीपुढच्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, आणि ते शोषायला ड जीवनसत्त्व. दोन्ही कमी असताना हाडांची झीज रोखणारं झोलेड्रोनिक आम्ल किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन घेतलं, तर रक्तातलं कॅल्शियम घसरून ओठांभोवती मुंग्या येतात, पेटके येतात.

कॅल्शियमची गोळी लागलीच तर ती दुपारी किंवा रात्री, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंत. ती कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणाबरोबर, कारण त्याला पोटातलं आम्ल लागतं. आम्लपित्ताच्या गोळ्या रोज घेत असाल तर डॉक्टरांना त्याऐवजी कॅल्शियम सायट्रेटबद्दल विचारा. आणि हे लेबल नीट वाचा: १२५० मिलिग्रॅम कार्बोनेट म्हणजे कॅल्शियम फक्त ५००.