दोन कळसूबाई उंचीवरची एकादशी

नमस्कार मंडळी! आज आपण पेरू देशातल्या कुस्कोत पायी फिरणार आहोत. पेरू म्हणजे मीठ-तिखट लावून खातो तो नाही हां, दक्षिण अमेरिकेतला देश. आणि एक गोष्ट आधीच सांगते, मधेमधे परत सांगणार, हळू चालायचं. कारण कुस्को आहे साधारण ३४०० मीटरवर, आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवा आणि वर थोडं अजून. नुसती बॅग उचलली तरी धाप लागते.

सुरुवात प्लाझा दे आर्मास या मोठ्या चौकातून. कुस्को ही इथल्या जुन्या इंका साम्राज्याची राजधानी, १५३३ मध्ये स्पॅनिश आले आणि इंकांच्या भिंतींवरच त्यांनी चर्च न् वाडे चढवले. म्हणून खाली बघायचं, मग वर बघायचं. खाली इंका, वर स्पेन. कोरीकांचा हे सूर्याचं मंदिर, त्याच्यावर सांतो डोमिंगोचा मठ बांधला, १९५० च्या भूकंपात मठाची बरीच पडझड झाली आणि खालच्या इंका भिंती मात्र जागच्या जागी! चुना नाही, सिमेंट नाही, दगडात दगड बसवलेला, भिंत किंचित आत कललेली.

हातुन रुमियोक नावाच्या गल्लीत बारा कोनांचा दगड आहे, सगळे तिथेच फोटो काढतात. २०२५ मध्ये एका माणसाने हातोडीने त्याचे टवके उडवले. म्हणजे गडाच्या बुरुजावर बदाम काढून त्यात नाव लिहिणारे फक्त आपल्याकडेच नाहीत, पण म्हणून आपल्यावाल्यांना माफी नाही, मला तर वाटतं त्यांच्याकडून महिनाभर गडावरचा कचरा उचलून घ्यावा. असो, हा विषय निघाला की माझं घड्याळाकडे लक्ष राहत नाही.

आता सासूबाईंची गोष्ट, खरं तर हिच्यासाठीच मी कुस्को निवडलं.

आम्ही गेलो जुलैत आणि नेमकी आषाढी आली. सासूबाई म्हणाल्या, "देश बदलला म्हणून तिथी बदलते का?" झालं. बरं, सकाळी डोकं दुखायला लागलं, तिकडे त्यावर कोकाच्या पानांचा चहा देतात. त्यांनी कपात तरंगणारी पानं बघितली, विचार केला आणि म्हणाल्या, "चहा चालतो, हा पण चहाच." (ती पानं बॅगेत घालून इकडे आणू नका बरं का, आपल्याकडे बंदी आहे.)

मग कॅथीड्रल. आत मार्कोस सापाता या चित्रकाराचं येशूच्या शेवटच्या जेवणाचं मोठं चित्र आहे आणि ताटात मधोमध काय, तर पाय वर केलेला कुय, म्हणजे गिनी पिग. तिकडची मेजवानी ती! गाईड पोरगा कौतुकाने सांगतोय आणि या पुटपुटल्या, "आजच दाखवायचं होतं का रे बाबा."

मला टेन्शन एकच, यांना जेवायला काय द्यायचं. हळूहळू चालत, हो हळूच, सान पेद्रो मार्केटला पोचलो आणि मंडळी, समोर काय? बटाटे! पिवळे, लाल, काळपट, एक तर कापला तर आतूनही जांभळा. शेजारी रताळी, शेंगदाणे, आणि आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही. सगळं मूळचं त्याच खंडातलं, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलं आणि बटाटा हा शब्दही त्यांचाच. मी हे सांगितलं तर सासूबाई थबकल्याच. "मग आपल्या उपवासात आपलं काय गं?"

म्हटलं, "भगर आहे ना आई."

पुढे चुन्यो दिसला. गोठवणाऱ्या थंडीत बटाटे रात्रभर उघड्यावर ठेवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात, वर्षानुवर्षं टिकतो. आपल्या वाळवणासारखंच, पण पायाचं ऐकलं आणि त्यांनी हातातला तुकडा हळूच परत ठेवला. मग एका गाळ्यावर छोट्या वड्या दिसल्या, किविचाच्या, मधात बांधलेल्या. चव बघितली आणि एकदम ओरडल्या, "अगं, राजगिरा!" खरंच राजगिराच, त्याच घराण्यातला. चार वड्या घेतल्या आणि सवयीने चक्क मराठीत म्हणाल्या, "काय हो, वर काही टाका की." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती बाई हसली, "यापा!" म्हणाली आणि पाचवी वडी ठेवली. यापा हा क्वेचुआ शब्द, अर्थ नेमका तोच, वरचं, फुकटचं. गिऱ्हाईक मागतं आणि विकणारी देते, आपल्या कोथिंबिरीसारखं.

त्या दिवशी सान ब्लासचा चढ राहिलाच, तिथे कारागिरांची दुकानं आहेत, तुम्ही जा, पण हळू. आम्ही उकडलेले बटाटे, मीठ, शेंगदाणे आणि वड्या घेऊन बाकावर बसलो, एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते खोटं नाही. मी जरा पाण्याची बाटली आणायला गेले, परत येऊन बघते तर बाकावर सासूबाई नाहीत. शोधलं, तर त्याच गाळ्यावर उभ्या, हाताने बारीक दाणे दाखवत त्या बाईला विचारत होत्या, "भगर आहे का, भगर?"