व्याख्येसोबत तारीख हवी

या चित्रफितीत समोर दिसणारा धातूचा दंडगोल ३९ मिलिमीटर उंच आणि तेवढ्याच व्यासाचा आहे. ही प्रतिकृती आहे. नव्वद टक्के प्लॅटिनम आणि दहा टक्के इरिडियम यांच्या मिश्रधातूचा मूळ ठोकळा पॅरिसजवळ सेव्र येथे, एकावर एक ठेवलेल्या तीन काचेच्या झाकणांखाली जपलेला आहे आणि १८८९ पासून जगातला प्रत्येक किलोग्रॅम अखेर त्याच्याच आधारे ठरत होता. २० मे २०१९ रोजी हा आधार बदलला. क्वांटम भौतिकीतील मूलभूत अशा प्लांक स्थिरांकाचे मूल्य कायमचे निश्चित करून किलोग्रॅमची व्याख्या त्यावर आधारण्यात आली. विद्युतप्रवाहाचे अँपिअर, तापमानाचे केल्विन आणि पदार्थातील कणांची संख्या मोजणारे मोल या एककांच्याही व्याख्या त्याच दिवशी बदलल्या, आणि विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशांत या एककांवर अनेक भाषांत लिहिलेले लेख त्या दिवशी जुने झाले.

या बदलावर वजने व मापे यांच्या सर्वसाधारण परिषदेत मतदान झाले ते १६ नोव्हेंबर २०१८ रोजी, व्हर्साय येथे. अंमल मात्र सहा महिन्यांनी सुरू झाला. मधल्या काळात लेखाच्या पहिल्याच ओळीत नवी व्याख्या लागू असल्याचे लिहिणे घाईचे होते, आणि मतदानाचा उल्लेखच टाळणे हेही वाचकाला अंधारात ठेवण्यासारखे होते. म्हणूनच ज्ञानकोशातील शास्त्रीय संज्ञा अधिकृत मानकाशी जुळवणे हे काम जुना मजकूर खोडून नवा लिहिण्याने पुरे होत नाही. व्याख्या कोणत्या संस्थेची, कोणत्या दस्तऐवजातली आणि कोणत्या तारखेपासूनची, हे तिच्यासोबत लिहिलेलेच असले पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

आता पडद्यावर एकाच लेखाच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी उघडल्या आहेत. डावीकडे प्रमाण तापमान व दाबाला आदर्श वायूच्या एका मोलचे आकारमान २२.४१४ लिटर दिले आहे, उजवीकडे २२.७११ लिटर. बदललेला आकडा रंगामुळे उठून दिसतो. यांतला चुकीचा कोणता, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येईल, पण दोन्ही आकडे बरोबर आहेत. रसायनशास्त्राच्या संज्ञा ठरवणारी आययूपॅक ही आंतरराष्ट्रीय संस्था पूर्वी प्रमाण दाब म्हणून एक वातावरण, म्हणजे १०१.३२५ किलोपास्कल, धरत असे. १९८२ मध्ये तिने तो १०० किलोपास्कल केला आणि तापमान २७३.१५ केल्विन हेच ठेवले. दाब किंचित उतरला की तेवढाच वायू थोडी अधिक जागा व्यापणार, हे ओघानेच आले. मात्र २२.४ हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून छापला गेला असल्याने, एक संपादक लेख सुधारतो आणि दुसरा पुस्तक हाती घेऊन तो पूर्ववत करतो.

अशा वेळी लेखाचे चर्चापान उघडून पाहावे. एक जण म्हणतो की मानक बदलले आहे. दुसरा म्हणतो की माझा संदर्भही छापील आणि विश्वासार्ह आहे, आणि पडताळणीच्या नियमानुसार त्याचेही म्हणणे खोटे ठरत नाही. गाठ सुटते ती तिसऱ्या कोणी शांतपणे विचारल्यावर, की दाब कोणता धरला आहे? मग ‘प्रमाण’ या एका विशेषणावर भिस्त न ठेवता आकड्यापुढे तापमान आणि दाब दोन्ही लिहिले जातात, जुना आकडा जुन्या व्याख्येसह खाली जातो आणि नव्याला वर्ष जोडले जाते. ही काळजी एरवीही हवीच, कारण मानके ठरवणाऱ्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे नैसर्गिक वायूसाठीचे १३४४३ हे मानक १५ अंश सेल्सिअस आणि १०१.३२५ किलोपास्कल अशी आपली वेगळी प्रमाण स्थिती सांगते. एका कंसात बसणारी ही दुरुस्ती आम्हांला या विषयातली आदर्श दुरुस्ती वाटते.

आवर्तसारणीच्या सातव्या ओळीवर कॅमेरा थांबतो तेथील नावांनाही असाच इतिहास आहे. निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसिन आणि ओगानेसन ही मूलद्रव्यांची नावे जून २०१६ मध्ये प्रस्ताव म्हणून जाहीर झाली, पाच महिने हरकतींसाठी खुली राहिली आणि २८ नोव्हेंबर २०१६ रोजी मंजूर झाली. तोवर उनउनट्रियमसारखी (आजचे निहोनियम) तात्पुरती नावेच अधिकृत होती, आणि मंजुरीनंतरही ती पुसून टाकणे योग्य नव्हते, कारण जुना शोधनिबंध वाचणारा माणूस त्याच नावाने शोध घेणार. जुन्या नावावरून नव्या लेखाकडे नेणारे पुनर्निर्देशन त्यासाठीच ठेवले जाते.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटा या विकिपीडियाशी जोडलेल्या मुक्त माहितीसाठ्याने या कामाला चांगले हत्यार दिले आहे. तेथे प्रत्येक विधानाला प्रारंभाची व समाप्तीची तारीख आणि संदर्भ जोडता येतो, शिवाय विधानाला प्राधान्याचे, सामान्य किंवा त्याज्य असा दर्जाही देता येतो. एका ठिकाणी केलेली दुरुस्ती तेथून माहिती घेणाऱ्या सगळ्या भाषांतील माहितीचौकटींत उतरते, आणि चूक झाली तर तीही तशीच उतरते. काही मानके तर एका रकान्यात मावतच नाहीत. आययूपॅकच्या २००९ च्या अणुभार-कोष्टकापासून हायड्रोजनचा प्रमाण अणुभार १.००७८४ ते १.००८११ अशा कक्षेत दिला जातो, कारण निरनिराळ्या स्रोतांतील हायड्रोजनमध्ये समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे, प्रमाण वेगवेगळे असते. ज्यांना एकच आकडा हवा त्यांच्यासाठी १.००८ हे संक्षिप्त मूल्यही आहे. चौकटीत दोन्ही यावेत आणि कोणते कशासाठी आहे तेही यावे.

प्रत्येक मानक डोळे मिटून स्वीकारावे, असा मात्र याचा अर्थ नाही. १०२४ बाइटसाठी ‘किबिबाइट’ ही संज्ञा १९९८ मध्ये अधिकृत झाली, तरी इंग्रजी विकिपीडियाने ती सरसकट लागू केलेली नाही, कारण संदर्भग्रंथांत आणि व्यवहारात ‘किलोबाइट’च रुळलेला आहे. ज्ञानकोशाने वापराची नोंद ठेवायची असते, त्यामुळे हा निर्णय आम्हांला पटतो. अट एवढीच, की तेथे किलोबाइट म्हणजे १००० की १०२४ हे लेखात लिहिलेले असावे.

ज्ञानकोशातले आकडे पुढे प्रश्नसंचांत, संगणकीय उपयोजनांत आणि यंत्रांना शिकवण्यासाठी जमवलेल्या मजकुरात उतरतात.

शेवटच्या दृश्यात टेबलावर मांडलेले दस्तऐवज सगळ्यांना सारखे हाती येत नाहीत. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीची अधिकृत पुस्तिका आणि आययूपॅकचा संज्ञाकोश महाजालावर मोफत वाचता येतात. आयएसओच्या मानकांचा संपूर्ण मजकूर विकत घ्यावा लागत असला तरी त्यांतील संज्ञा आणि व्याख्या संस्थेच्या संकेतस्थळावर खुल्या आहेत. विनामोबदला काम करणाऱ्या संपादकाने मूळ व्याख्या स्वतः वाचून संदर्भ द्यावा अशी अपेक्षा असेल, तर मानक ठरवणाऱ्या प्रत्येक संस्थेने निदान व्याख्यांचा भाग, त्याच्या जुन्या आवृत्त्यांसह, सर्वांसाठी खुला ठेवायला हवा.