गच्चीवर फाइव्ह-जीचा अँटेना: किती फुटांवर ते नको, तोंड कुठे ते विचारा

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय. "ताई, सोसायटीच्या गच्चीवर फाइव्ह-जीचा टॉवर येतोय, होकार द्यायचा का?" म्हणून आज फक्त यावरच बोलू.

फाइव्ह-जी म्हणजे काय, ते पटकन उरकते. १ ऑक्टोबर २०२२ ला आपल्याकडे सुरू झालं. त्याचा एक मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झचा. जुन्या ९०० मेगाहर्ट्झइतक्या या लहरी भिंतींतून आत शिरत नाहीत, लांबही जात नाहीत. म्हणून अँटेना जास्त लागतात आणि वस्तीतच लागतात. झालं.

आता मुद्द्याचं. सगळे विचारतात, "टॉवर माझ्या घरापासून किती फुटांवर?" त्याआधी हे विचारा की अँटेनाचं तोंड कुठे आहे?

दिव्याखाली अंधार म्हणतो ना आपण, तसंच आहे हे. अँटेनाचा झोत चपटा असतो, पुढे जातो आणि जरासाच खाली कललेला असतो. हिशोब करून बघा. अँटेना ३० मीटर उंचीवर आहे, ६ अंश खाली कललाय. तर झोताचा मधला भाग जमिनीला टेकतो जवळपास २८५ मीटरवर! बरोबर खालच्या घरात पोचतं ते फार थोडं, आणि त्यातही मध्ये स्लॅब असतो.

पटत नाही? आमच्याच सोसायटीतलं सांगते. मी नेटवर्क प्लॅनिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. अँटेना लागला तशी लहरींच्या भीतीने वरच्या मजल्यावरच्या काकूंची झोप उडाली, म्हणून लहरींचा जोर मोजणारा मीटर घेऊन गेले. त्यांच्या बेडरूममध्ये, अगदी अँटेनाखाली, आकडा जेमतेम हलला. मग समोरच्या विंगमध्ये गेले. सातवा मजला, बाल्कनी थेट अँटेनासमोर, तितक्याच उंचीवर. तिथे आकडा भराभर चढला. होता मर्यादेतच, पण काकूंच्या घरापेक्षा कितीतरी जास्त. आणि त्या विंगमधून अँटेनाबद्दलच्या मीटिंगला एकही माणूस आला नव्हता! का, तर "आमच्या बिल्डिंगवर कुठे आहे?"

तिसऱ्यांदा सांगते, कारण चूक इथेच होते. दूरसंचार विभागाच्या सूचनांमध्ये जे अंतर दिलंय, एका अँटेनाला २० मीटर, दोनला ३५, ते समोरच्या, त्याच उंचीवरच्या इमारतीसाठी आहे. खालच्या फ्लॅटसाठी नाही.

एका दादांनी लिहिलंय, "कंपनीचे पैसे घेऊन बोलता." दादा, याचं मला वाईट वाटलं. शंका जरूर घ्या, पण मोजूनही घ्या. १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींच्या जोराची आपल्याकडची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली. सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर जवळचा टॉवर बघता येतो, ४००० रुपये आणि कर भरून मोजणीही मागवता येते. आणि एक लक्षात घ्या, रेंज कमी असली की तुमचा स्वतःचा फोन जोर वाढवतो. तो तर कानालाच लावलेला असतो.

हो, "टॉवर लावा, लाखो मिळवा" असे मेसेज येतात ना, त्यात आधी नोंदणीचे पैसे मागतात. माझ्या मामांचे असेच गेले. जागा तुमची, भाडं तुम्हाला मिळायचं, मग पैसे तुम्ही कशाला भरायचे? एक रुपयाही देऊ नका.

भांडायचंच असेल तर वजनावरून भांडा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी करायचं असतं. तो अहवाल हातात असल्याशिवाय करारावर सही करू नका. खांब, बॅटऱ्या, कॅबिनेट, सगळं कोणत्या बीमवर बसणार, हे लेखी घ्या.

आमच्याकडे शेवटी काय झालं? अँटेना गच्चीवरच राहिला, फक्त पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यात सरकवला आणि तोंड मोठ्या रस्त्याकडे केलं. त्या बाजूला तेवढ्या उंचीची इमारतच नाही. नंतर पुन्हा त्या सातव्या मजल्यावर गेले. काकूही सोबत आल्या, मीटर त्यांनीच हातात धरला. आकडा खाली आला होता.