कॅप्टन अमेरिका मॅन्झनारला काय करतो?

नमस्कार मंडळी. जेवणाआधीची दहा मिनिटं मला दिली आहेत, तेव्हा थेट विषयाला हात घालते.

आपण दक्षिण कॅलिफोर्नियातले सगळे मराठी लोक हिवाळ्यात हायवे ३९५ ने मॅमथच्या डोंगरात स्कीइंगला जातो. मुलांचे स्कीचे बूट, थर्मासमधला चहा, डब्यात मेथीची धपाटी. लोन पाइन गाव मागे पडलं की थोड्या वेळाने डाव्या हाताला एक लाकडी टेहळणी मनोरा दिसतो, आणि नीट बघेपर्यंत मागेही पडतो. ते मॅन्झनार. दुसऱ्या महायुद्धात तिथे एका वेळी जपानी वंशाची दहा हजारांहून जास्त माणसं काटेरी तारांच्या आत राहत होती. मंडळाच्या सहलींच्या गाड्या इतकी वर्षं त्या रस्त्याने जात आहेत. त्यातली एखादी तरी तिथे थांबल्याचं मी ऐकलेलं नाही.

आज हा विषय काढायला कारण आमची धाकटी. सोळा वर्षांची आहे आणि फॅन फिक्शन लिहिते. म्हणजे आपल्या आवडत्या नायकाला घेऊन स्वतःची नवी कथा रचायची आणि टोपणनावाने इंटरनेटवर टाकायची. पैशाचा संबंध नाही. इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरी हे चालू असणार, आणि मुलं दार लावून काय करतात हे आईबापांना ठाऊक नसणार. ‘दुसऱ्याचं पात्र उचलून कसलं लेखन?’ असं एका स्नेह्यांनी मला विचारलं. त्यांना एवढंच सांगते, की आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर बसून सीतेच्या वनवासाच्या ओव्या रचल्या, तेव्हा त्यांनी कुणाची परवानगी घेतली नव्हती. रामाच्या मोठ्या कथेत सीतेचं जे दुःख त्यांना अपुरं वाटलं, ते त्यांनी स्वतःच्या शब्दांत पुरं केलं.

आमच्या मुलीला अपुरा वाटला तो कॅप्टन अमेरिका, कॉमिक्समधला ढालवाला महानायक. त्याचा पहिला अंक डिसेंबर १९४० मध्ये बाजारात आला, मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतोय. अमेरिका युद्धात उतरायला तेव्हा अजून वर्षभर अवकाश होता. जो सायमन आणि जॅक कर्बी या त्याच्या निर्मात्यांचा जन्म ज्यू घरांतला. युरोपात काय चाललं आहे ते त्यांना कळत होतं, आणि सरकारची वाट न बघता त्यांनी आपला शत्रू ठरवून टाकला होता. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

पण नंतर जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरदार, दुकान, उभी पिकं सोडून निघावं लागलं. त्यातले दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. हातात मावेल तेवढंच सामान आणि कोटाला कुटुंबाच्या क्रमांकाची चिठ्ठी. आपल्या शेजारच्या सांता अनिटा रेसकोर्सवर कित्येक कुटुंबांनी घोड्यांच्या तबेल्यात महिने काढले, मग त्यांची रवानगी वाळवंटातल्या छावण्यांत झाली.

त्या काळातले आपले महानायक काय करत होते? कॉमिक्समध्ये जपानी माणूस सुळे आणि नखं असलेल्या जनावरासारखा काढला जात होता, आणि नायक त्याला बदडत होते. १९४३ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत सुपरमॅन अशा एका छावणीत जातो, तर तिथले लोक घातपाताचा कट करताना दाखवले आहेत. छावण्या चालवणाऱ्या सरकारी खात्यालाच ते खटकलं, त्यांनी तक्रार केली, तेव्हा शेवटी सुपरमॅनच्या तोंडी ‘बहुतेक जपानी-अमेरिकन निष्ठावंत आहेत’ अशा अर्थाचे शब्द आले. छावण्यांतली मुलं अमेरिकन मुलंच होती हो, बेसबॉल खेळणारी, कॉमिक्स वाचणारी. आपण भाड्याने आणलेली इंद्रजाल कॉमिक्स गादीखाली लपवून वाचत होतो. त्यातला राक्षस आपल्या आजोबांसारखा दिसला असता तर कसं वाटलं असतं?

तर आमच्या मुलीने कॅप्टन अमेरिकाला सैनिक म्हणून मॅन्झनारच्या पहाऱ्यावर पाठवलं. तो हुकूम पाळणारा माणूस, मनोऱ्यावर चढला आणि उभा राहिला. खाली बराकीत अकरा वर्षांचा एक मुलगा, त्याच्याजवळ कॅप्टनचा जुना अंक. ठोसा मारायचा कुणाला? खलनायक कुठे दिसतच नाही. सगळं कायदेशीर, सही-शिक्क्यानिशी, यादीप्रमाणे. मॅन्झनारच्या बराकी कच्च्या लाकडाच्या होत्या, फळ्या आकसून फटी पडायच्या, गाठी निखळून भोकं व्हायची आणि रात्रभर त्यातून धूळ आत यायची. सकाळी पांघरुणावर, ताटांवर, केसांत वाळू. लोक डब्यांची पत्र्याची गोल झाकणं त्या भोकांवर ठोकायचे. हे खरं आहे. मुलीच्या कथेत कॅप्टन पहारा सोडून खाली येतो, ढाल भिंतीला टेकवतो आणि त्या मुलाच्या आईबरोबर संध्याकाळपर्यंत झाकणं ठोकत बसतो. एवढंच. वाचताना माझे डोळे भरून आले.

जेवताना तिने विचारलं, “आई, या गोष्टीत आपण कुठे? मी आपल्याला कुंपणाच्या कुठल्या बाजूला ठेवू?”

तिच्या डोक्यात एक भारतीय शेतकरी होता. तिने त्याला छावणीत निघालेल्या जपानी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पडेल भावात घेताना दाखवलं होतं. तिचे बाबा उखडले. “आपली माणसं असं करणार नाहीत!” ती म्हणाली, “कशावरून?” तिथून जे भांडण पेटलं ते ताटं वाळेपर्यंत.

मी दोघांची बाजू ऐकली आणि मग वाचायला बसले. आपण तेव्हा इथे कोण होतो? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये जपानी ताकाओ ओझावाला आणि १९२३ मध्ये पंजाबी भगतसिंग थिंदला नागरिकत्व नाकारलं, कारण दोघंही गोरे नाहीत. ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना जमीन घ्यायला बंदी करणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याचा वरवंटा जपानी शेतकऱ्यावर फिरला तसाच पंजाबी शेतकऱ्यावरही. आपल्याला नागरिकत्वाचा हक्क मिळाला १९४६ मध्ये. म्हणजे कुंपणाबाहेर होतो, पण हाताच्या अंतरावर.

कुंपणाबाहेर राहून काय करता येतं, त्याचीही माणसं सापडली. सॅक्रामेंटोजवळच्या फ्लोरिनमध्ये बॉब फ्लेचर नावाचा सरकारी कृषी निरीक्षक होता. त्याने नोकरी सोडली आणि तीन जपानी कुटुंबांच्या द्राक्षबागा सांभाळल्या. कर भरले, कर्जाचे हप्ते भरले, नफ्यातला निम्माच स्वतः घेतला आणि कुटुंबं परतली तेव्हा बागा त्यांच्या हवाली केल्या. गावाने त्याला नावं ठेवली, कोठारात असताना त्याच्यावर कुणीतरी गोळीही झाडली. दुसरा राल्फ लाझो, लॉस एंजेलिसच्या शाळेतला मेक्सिकन-आयरिश वंशाचा मुलगा. मित्रांना नेताहेत म्हणून तोही त्यांच्याबरोबर मॅन्झनारला गेला आणि राहिला. वय सतरा, आमच्या मुलीपेक्षा एकच वर्ष जास्त.

ही नावं ऐकून तिचे बाबा शांत झाले. म्हणाले, “हे अमेरिकेचं झालं. आपल्याकडे असलं काही नव्हतं.” नेमके त्याच वेळी सासवडहून आजोबा व्हिडिओ कॉलवर होते. ते म्हणाले, “अरे, पुरंदरावर होते की जर्मन. माझे वडील सांगायचे.” खरंच होते. महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन लोकांना नगरला, साताऱ्याला, पुरंदरावर नेऊन ठेवलं, आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून जे पकडले त्यांत हिटलरच्याच तावडीतून निसटून आलेले ज्यूही होते. आपण पुरंदर कितीदा चढलो! शंभूराजे कुठे जन्मले ते आपल्याला झोपेतही सांगता येतं. माचीवरच्या इंग्रजी अमदानीतल्या पडक्या इमारतींसमोर मात्र आपण फोटो काढले आणि पुढे गेलो.

ते निदान परक्या सरकारचं काम होतं. पण राजस्थानातलं देवळी? तिथल्या छावणीत इंग्रजांनी जयप्रकाशांना, आपल्या कॉम्रेड डांग्यांना डांबलं होतं. १९६२ च्या चीन युद्धानंतर त्याच देवळीत आपल्या स्वतंत्र सरकारने चिनी वंशाची सुमारे ३,००० माणसं कोंडली. आसामातून, दार्जिलिंगकडून बायकामुलांसकट आगगाडीत घालून आणलेली. कित्येकांचा जन्म भारतातला. खटला नाही, आरोप नाही, आणि काही जण १९६७ पर्यंत आत. अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. देवळीच्या माणसांची माफी आपल्याकडून राहिलेली आहे.

मंडळी, रागावू नका, पण घरातलीच म्हणून बोलते. आपल्या ग्रुपवर कुणाची धरपकड झाल्याची बातमी आली की लगेच कुणीतरी लिहितं, ‘आपण नियमाने आलो, आपली कागदपत्रं चोख आहेत.’ खाली पंचवीस अंगठे. मॅन्झनारच्या बहुसंख्य लोकांची कागदपत्रं आपल्यापेक्षा चोख होती, जन्मदाखलेच होते त्यांच्याकडे. हे लिहिणाऱ्याला दुष्ट म्हणत नाही मी. तो घाबरलेला आहे, आणि ती भीती मलाही आहे.

दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मॅन्झनारला स्मरणयात्रा असते. आपला महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम बहुधा त्याच सुमारास येतो. कार्यकारिणीला माझी विनंती आहे, की यंदा तो शनिवार मोकळा ठेवा, एक बस करू. मुलं येतीलच. मोठ्यांनीही यावं.

मुलीची कथा अजून अर्धी आहे, कारण तो शेतकरी अडकला आहे. नव्या खर्ड्यात जपानी शेजारी रात्री येऊन बागेची किल्ली त्याच्यापुढे ठेवतो. त्याने ती घ्यायची का? तिचे बाबा म्हणतात, ज्याचा स्वतःचा पाय अजून रोवलेला नाही, त्याने असल्या भानगडीत पडू नये. ते उगाच बोलत नाहीत, त्यांचा सख्खा भाऊ आजही ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. मुलगी म्हणते, किल्ली नाही घेतली तर तो माझ्या गोष्टीतच नको. मला दोघांचंही पटतं, आणि रात्री झोप लागत नाही. तुमच्या घरी हा विषय काढून बघा. जे काय बोलणं होईल ते, भांडण झालं तरी, मला फोन करून सांगा.