नजरेचा काटा

नमस्कार श्रोतेहो.

समोरच्या माणसाचं वजन आपण मनातल्या मनात क्षणात ठरवून टाकतो. हा अंदाज चुकतो, आणि बहुतेकदा एकाच पद्धतीनं चुकतो. रोज पाहिलेल्या माणसांची एक सरासरी डोळ्यांत बसलेली असते. प्रत्येक अंदाज तिच्याकडे ओढला जातो. म्हणून फार जाड माणसाचं वजन आपण कमी धरतो आणि फार किडकिडीत माणसाचं जास्त. शिवाय ५० आणि ५५ किलोंमधला फरक डोळ्यांना कळतो, तसा ११० आणि ११५ मधला कळत नाही.

भोवतालची माणसं वजनदार होत गेली, की ही सरासरीही वर सरकते. मग स्थूल मूलसुद्धा आईवडिलांना चारचौघांसारखंच वाटतं. यात त्यांची माया असतेच, पण सवयीची नजरही असते.

काही वेळा असा अंदाज जिवाशी येतो. रक्ताच्या गुठळीमुळे पक्षाघात झालेल्या रुग्णाला अल्टेप्लेज हे औषध किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम देतात. रुग्णाला उभं राहता येत नाही, बोलता येत नाही. वजन नुसतं बघून खऱ्यापेक्षा जास्त धरलं, तर औषध जास्त जातं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. कमी धरलं, तर गुठळी विरघळायला औषध अपुरं पडू शकतं. वजनकाटा बसवलेल्या खाटा रुग्णालयात लागतात त्या यासाठीच.

पण मला खरी काळजी वाटते ती आपल्या कौतुकाची. जाड माणूस बारीक झाला, की आपण लगेच म्हणतो, “वा, छान दिसताय!” त्याला मधुमेह झाला असेल, थायरॉईड वाढला असेल, क्षयरोग असेल, किंवा नैराश्यानं जेवणच तुटलं असेल. उपासमार करून घेण्याचा आजार हाडकुळ्या माणसांनाच होतो, हा समजही खोटा आहे; जाड शरीरातही तो असतो आणि तिथे त्याला शाबासकी मिळते. आजारी माणसाला ही स्तुती ऐकून घ्यावी लागते, हे मला फार क्रूर वाटतं.

काही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, तर डॉक्टर त्याचं कारण शोधतात. ८० किलोंच्या माणसात हे ४ किलो होतात. रोज भेटणाऱ्याला एवढी घट बहुधा दिसतही नाही.