चामड्याचा पंजा

श्रोतेहो, नमस्कार.

क्रिकेटच्या सामन्याआधी मैदानावर सराव चाललेला असतो, तेव्हा क्षेत्ररक्षणाच्या प्रशिक्षकाच्या एका हातात भलाथोरला चामडी पंजा तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. पोरं सणसणीत फेकी करतात आणि हे गृहस्थ त्या निवांत टिपत असतात. तो पंजा बेसबॉलचा. आपल्याकडे यष्टिरक्षक सोडला तर कुणालाच क्षेत्ररक्षण करताना हातमोजे घालता येत नाहीत, तसा नियमच आहे. अमेरिकेत मात्र मैदानावरच्या नऊही जणांच्या हातात ग्लोव्ह असतो. पण एके काळी तिथेही उघड्या हाताने चेंडू अडवण्यातच मर्दुमकी मानत, आणि मोजा घालणाऱ्याची टर उडवत.

1875 साली सेंट लुइसच्या चार्ली वेट या खेळाडूने हातात चामड्याचा मोजा चढवला. रंग कोणता निवडला? कातडीचा! लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. ही हकीकत अल्बर्ट स्पॉल्डिंग यांनी सांगून ठेवली आहे. स्पॉल्डिंग त्या काळचे नामांकित पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारे. 1876 मध्ये त्यांनी शिकागोत खेळाच्या सामानाचं दुकान काढलं आणि पुढच्याच वर्षी स्वतः मोजा घालून मैदानात उभे राहिले. तोही काळा, लांबूनसुद्धा दिसेल असा. यात हात वाचवण्याची काळजी किती आणि माल खपवण्याची किती, ते तुम्हीच ठरवा.

मग 1880 च्या दशकात प्रॉव्हिडन्स संघाच्या आर्थर आयर्विनची दोन बोटं मोडली. सामना तर चुकवायचा नव्हता. त्याने घोडागाडी हाकताना घालतात तसला सैल मोजा घेतला, आत गादी भरली आणि दुखऱ्या बोटांच्या जागा एकत्र शिवून टाकल्या. न्यू हॅम्पशायरमधल्या प्लिमथ गावच्या ड्रेपर अँड मेनार्ड या मोजे शिवणाऱ्या कारखान्याने पुढे हाच धंदा उचलला.

तरी हटवादी माणसं होतीच. सिनसिनाटीचा बिड मॅकफी हंगामाच्या सुरुवातीला मिठाच्या पाण्यात हात बुडवून ते टणक करायचा आणि वर्षानुवर्षं मोज्याविना खेळायचा. दुखऱ्या बोटापायी 1896 मध्ये त्यानेही हार मानली, आणि त्याच वर्षी त्याचं क्षेत्ररक्षण आधीपेक्षा सरस झालं.

पण मला विचाराल तर खरी कलाटणी मिळाली ती 1920 च्या सुमारास. तोवर ग्लोव्ह म्हणजे हाताची ढाल. चेंडू धरायचा तो बोटांनीच. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये फार तर चामड्याची एक पट्टी. सेंट लुइस कार्डिनल्सचा पिचर बिल डोक याने रॉलिंग्ज कंपनीला सुचवलं, की त्या जागी चामड्याच्या वादीचं जाळं विणा. झालं! तळहाताच्या वर खोलगट खिसा तयार झाला आणि चेंडू त्यात जाऊन बसायला लागला. डोकच्या नावाचा हा ग्लोव्ह पुढे काही दशकं विकला गेला. 1957 मध्ये विल्सन कंपनीचा ए-2000 आला. आजचे ग्लोव्ह त्याच वळणाचे.

जुने ग्लोव्ह जमवणारे वय ओळखतात ते या खुणांवरूनच. अंगठ्याशी जाळं नाही, नुसती शिवलेली पट्टी? मग तो बहुधा 1920 च्या आधीचा. बोटं सुटी आहेत की वादीने एकमेकांना बांधलेली? बांधलेली असली तर 1940 च्या दशकापासून पुढचा. मनगटपट्टा उलटा करून बटणावरचं नाव, कापडी लेबल, पेटंटची तारीख बघायची. तळव्यावर नामांकित खेळाडूच्या सहीचा ठसा असतो, पण त्यावर भुलू नका. तो कारखान्यातला छाप, दुकानात पोरांसाठी विकला जाणारा माल. बेसबॉलचा दिग्गज खेळाडू बेब रूथ याने खुद्द वापरलेला एक ग्लोव्ह 2022 मध्ये लिलावात 15 लाख डॉलरच्या वर गेला. त्याच्या सहीचा छाप असलेल्या दुकानी ग्लोव्हची बातच वेगळी.

मला मात्र हा दुकानी मालच जास्त बोलका वाटतो. पट्ट्यावर शाईने लिहिलेलं कुणा मुलाचं नाव, तुटलेल्या वादीच्या जागी ओवलेली बुटाची नाडी, करंगळीपाशी घामाने काळं पडलेलं चामडं. मोठे खेळाडू तर 1954 पर्यंत आपली फलंदाजी आली की ग्लोव्ह मैदानातच टाकून जात. त्या वर्षी नियम झाला, तेव्हा कुठे ते उचलून न्यायला लागले.

तुमचे भाचे-पुतणे अमेरिकेत असतील आणि तिथल्या जुन्या बाजारात त्यांना असा एखादा ग्लोव्ह दिसला, तर आधी हे सांगा: तेल चोपडू नका. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं नीट्सफूट तेल यासाठी मिळतं, पण त्याचा हात सैल सुटला की चामडं काळवंडतं, जड होतं आणि सहीचा ठसा कायमचा बुजतो. रंग तर मुळीच लावू नका. तुटकी वादी बदलली तर जाणकार खपवून घेतात, रंगवलेला ग्लोव्ह नाही. आणि डावखुऱ्याचा, म्हणजे उजव्या हातात घालायचा जुना ग्लोव्ह मिळाला, तर दोन डॉलर जास्त गेले तरी चालतील. ते मुळातच कमी बनत.

नमस्कार.